पोथी लिहिणारा परत आला

माळावरच्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून यावरून भांडतात, आणि नाव घेतलं की दोन्ही बाजूंचे लोक माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. त्यांच्या गूळ-पाण्याची सोय मला करावी लागते. नकोच ते.

तर त्या गावात एक मठ होता आणि मठात एक पोथी होती. उदासस्वामी नावाचे एक साधू फार वर्षांपूर्वी गावात येऊन राहिले होते. त्यांनी ती लिहिली आणि एके दिवशी ते निघून गेले. चालतच गेले असणार, पाय होते त्यांना. पण गाव म्हणायचं, स्वामी देहासकट उजेडात विरले. गाव असंही म्हणायचं की पोथी स्वामींनी लिहिलीच नाही. देव बोलला, स्वामींचा फक्त हात चालला. मठात स्वामींच्या लाकडी पादुका होत्या आणि त्यांना रोज गंधफूल व्हायचं.

पोथी वाचायचे अच्युतबुवा. दिवेलागण झाली की बुवा पाटावर बसायचे आणि गाव समोर बसायचं. भला माणूस. कधी खोटं बोलायचे नाहीत, कुणाचं फुकट खायचे नाहीत, आणि पोथीचं एक अक्षर इकडचं तिकडं होऊ द्यायचे नाहीत. त्यांच्या वडिलांनीही हीच पोथी वाचली होती. बुवांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

पोथी तशी चांगली होती हो. नावं ठेवायची म्हणून ठेवू नयेत. तहानलेल्याला जात न विचारता पाणी द्यावं, असं त्यात होतं. मुकं जनावर उन्हात बांधू नये, असं होतं. आणि एक ओवी तर अशी होती की ती वाचताना बुवांचा आवाज दरवेळी जड व्हायचा:

जया घरी नाही कमावता । तेथे न्यावी पाटी न मागता ।
सुगीची पहिली, हाती धरिता । संकोच नसो ॥

गाव ही ओवी पाळायचं. ज्या घरात कमावता पुरुष नाही, त्या घरी सुगीत प्रत्येक खळ्यावरची धान्याची पहिली पाटी जायची. आता असं कोण करतं सांगा? पण त्या गावात होत होतं आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं.

गावात कुंभाराचं घर एकच. भिवा कुंभार तापानं गेला आणि त्याची बायको सारजा मागं राहिली. पदरात दोन लेकरं. थोरली मुलगी नुकती बोलायला लागलेली, धाकटा रांगणारा. सुगी आली, ज्वारीच्या पाट्या सारजाच्या दारात रिकाम्या झाल्या, आणि चूल पेटली. पण पाट्या म्हणजे काही कोठार नव्हे. उन्हाळा लागता लागता कणगीचा तळ दिसायला लागला.

मग सारजानं काय केलं, तर नवऱ्याचं चाक फिरवायला घेतलं.

त्या मुलखात बाई चाकाला हात लावत नसे. बाईनं माती मळावी, मडकं थापीनं थोपटावं, आव्यात रचून भाजावं, बाजारात डोक्यावर नेऊन विकावं. सगळं बाईनं करावं. चाक तेवढं पुरुषानं फिरवायचं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. सारजानं वर्षानुवर्षं नवऱ्याशेजारी बसून त्याचे हात बघितले होते. तिची पहिली मडकी वेडीवाकडी झाली, तिला स्वतःलाच हसू आलं. पुढची बरी झाली. त्याच्या पुढची गावानं विकत घेतली. कुरकुर कुणी केली नाही, कारण उन्हाळा होता आणि माठ सगळ्यांना हवे होते.

एकदा मात्र आव्यातली सगळी मडकी तडकली. आता मडकी तडकतात. भिवाचीही तडकायची. सरपण ओलं असलं, वारा फिरला, की तडकतात. पण मठात कुणीतरी म्हणालं, "बुवा, पोथीत याबद्दल काहीतरी आहे ना?"

असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. बुवांनी स्वतःहून काही काढलं नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. विचारलं म्हणून त्यांनी पानं उलटली, आणि ओवी निघाली:

चाकावरी स्त्रीचा हात । तेथे माती रुसे निभ्रांत ।
ऐसे चाक त्या गावात । ठेवू नये ॥

बुवांनी सारजाकडं बघितलं. ती मागं खांबाला टेकून बसली होती, मांडीवर धाकटा झोपलेला.

येसाजी पाटील उठले. पाटील माणूस वाईट नव्हता, फक्त कुठलीही गोष्ट त्याला जेवणाच्या आत मिटलेली हवी असायची. "सारजे, चाक काढावं लागेल बाई. पोथीत आहे."

"चाक काढून खाऊ काय, पाटील?"

"पाट्या येतात की तुला."

"पाट्या उन्हाळ्यापर्यंत पुरतात. लेकरं पावसाळ्यातही जेवतात."

"पुनव होऊ दे. मग बघू," पाटील म्हणाले आणि पंचा झटकून घरी गेले. सारजा लेकराला खांद्यावर टाकून निघाली. वाटेत तिनं बुवांना विचारलं, "बुवा, खरंच देव असं बोलला असेल?" बुवा म्हणाले, "पोथीत आहे ना, म्हणजे बोललाच असणार." म्हणाले खरे, पण त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली नाही.

पुनव जवळ आली. एका संध्याकाळी पोथी चालू असताना दारात एक म्हातारा येऊन बसला. अंगावर चिंध्या, दाढी पोटापर्यंत, हातात काठी. कुणी त्याला पाणी दिलं. तो पाणी पीत ऐकत राहिला. नेमकी चाकाची ओवी आली आणि म्हाताऱ्याला ठसका लागला.

"ही अजून ठेवलीत होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, एव्हाना कुणीतरी गाळली असेल."

बुवा चिडले. "गाळायला हे काय तांदूळ आहेत? देवाची वाणी आहे ही."

"असेलही," म्हातारा म्हणाला. "मीच लिहिली, पण मलाही नक्की सांगता यायचं नाही."

झालं! मठात गलका उठला. हा म्हणतो मी उदासस्वामी. स्वामी तर उजेडात विरले! कुणी म्हणालं वेडा आहे, कुणी म्हणालं भोंदू आहे. पाटील म्हणाले, "थांबा. पादुका आणा." पादुका आणल्या. म्हाताऱ्याचा पाय काही त्यात जाईना.

"बघा! पाय बसत नाही. हा स्वामी नव्हे."

"पण मी तर अनवाणी गेलो होतो," म्हातारा म्हणाला. "ह्या कुणी केल्या?"

पाटलांनी सुताराकडं बघितलं, सुतारानं छताकडं बघितलं. मग कुणीतरी शक्कल काढली, की याला पोथी म्हणायला लावा. म्हाताऱ्यानं डोळे मिटून सुरुवात केली आणि तिसऱ्याच ओवीला अडकला. समोरची पोरं खो खो हसली आणि त्यांनी पुढची सगळी ओवी घडाघडा म्हणून दाखवली. ज्याला स्वतःची पोथी येत नाही, तो कसला स्वामी! गावाचं जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात ठकूआजी आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, डोळ्यांना कमी दिसायचं. ती म्हाताऱ्याच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन बघायला लागली, आणि एकदम कडाडली.

"मेल्या! माझं घोंगडं कुठंय?"

म्हातारा चाचरला. "फाटलं गं, ठकू."

"फाटणारच. नेलंस तेव्हाच विरलं होतं. पण सांगून न्यावं की नाही माणसानं?"

आता बोला! चोरट्याला घोंगडं फाटल्याची लाज वाटत नसते, तेव्हा हा स्वामीच, हे सगळ्यांना पटलं. पण जे देहासकट उजेडात विरले, ते जाताना एका विधवेचं घोंगडं घेऊन गेले होते. याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. काहीजण पाया पडले. काहीजण पाया पडायला वाकले आणि अर्ध्यातून परत सरळ झाले. बुवा पोथी मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. उठून नमस्कार करावा तर मांडीवरची पोथी खाली ठेवावी लागणार, आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना समजेना.

शेवटी त्यांनी बसल्या बसल्याच विचारलं, "स्वामी, पोथी कुणी लिहिली?"

"मी."

"म्हणजे देवानं सांगितली आणि तुम्ही लिहिली."

"काही सांगितली. काही माझीच घातली."

"कोणती कोणाची?"

"आता ते कसं आठवावं, बुवा? तेव्हा तरी कुठं नीट कळत होतं?"

बापानं वाचलेली पोथी, आपण वाचलेली पोथी, आणि लिहिणाराच म्हणतो नीट कळत नव्हतं. बुवांना रडावंसं वाटलं. मलाही ऐकताना तसंच वाटलं होतं, सांगून ठेवतो.

पाटलांनी मात्र लगेच तोड काढली. "यात अवघड काय आहे? उद्या सकाळी सगळे जमू. बुवा एकेक ओवी वाचतील, स्वामी आठवून सांगतील. देवाची ठेवू, माणसाची काढू."

सगळ्यांना हायसं वाटलं. सारजाला तर सर्वांत जास्त. म्हातारा दिसायला मायाळू होता. चाकाची ओवी माणसाची निघणार आणि पाट्यांची देवाची, याबद्दल तिला शंका नव्हती. बुवांनाही नव्हती. इतकं चांगलं बोलणं देवाशिवाय कोण बोलणार?

सकाळी वडाखाली गाव जमलं. बुवांनी वाचायला सुरुवात केली. जनावर उन्हात बांधू नये. "ते माझं," स्वामी म्हणाले, "एक म्हैस होती, तिची दया आली होती." लोकांनी मनातल्या मनात ती ओवी काढली. तहानलेल्याला पाणी द्यावं. स्वामी बराच वेळ डोकं खाजवत राहिले. "हे ऐकलं होतं, की आपणच... नाही सांगता येत. पुढचं वाचा." लोक गोंधळले. आता ही ठेवायची की काढायची?

मग पाट्यांची ओवी आली. बुवांनी ती जरा जास्तच मोठ्यानं वाचली.

स्वामींची मान खाली गेली. "ही माझीच. अगदी नक्की आठवते. मी ठकूच्या पडवीत राहत होतो. तिचा नवरा वारलेला, घरात दाणा नाही. ती मला शिळी भाकरी द्यायची, पुढं पुढं तीही होईना. मला भुकेनं झोप येत नव्हती. म्हटलं, ठकूच्या घरी धान्य आलं तर मलाही मिळेल. म्हणून लिहिली. देवाचा त्यात काही संबंध नाही, पोटाचा होता."

ठकूआजी म्हणाली, "मला तेव्हाच संशय आला होता."

बुवांचा हात पोथीवर तसाच राहिला. इतकी वर्षं ज्या ओवीला आवाज जड होत होता, ती एका भुकेल्या माणसानं स्वतःच्या भाकरीसाठी लिहिली होती. बुवांना पुढं वाचवेना. पाटील म्हणाले, "वाचा बुवा. चाकाची घ्या."

बुवांनी चाकाची ओवी वाचली, अगदी हळू. सारजा उभी राहिली.

स्वामींनी तिच्याकडं बघितलं, मग नजर वळवली. "खोटं बोललो तर बरं होईल," ते म्हणाले, "पण या वयात नको. ही ओवी मी बनवली नाही. पहाटे ध्यानाला बसलो होतो. एकदम लख्ख झालं आणि ही कानात आली. आवाज माझा नव्हता. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही."

आता मला सांगा, काय करायचं? चांगली ओवी माणसाची निघाली, तीही लोभापायी. आणि वाईट ओवी देवाची. बरं, देवाचीच होती का? की पहाटेच्या थंडीत उपाशी माणसाच्या कानात काही घुमलं? स्वामींना माहीत नाही, मला माहीत नाही, तुम्हाला असेल तर सांगा.

वडाखाली तीन तट पडले. तरुण म्हणाले, माणसानं लिहिलंय ना, मग सगळी पोथीच बासनात बांधा, चाक राहू द्या आणि पाट्याही बंद करा. म्हातारे म्हणाले, स्वामींचं डोकं फिरलंय, पोथी सगळीच्या सगळी देवाची. पाट्या चालू ठेवा आणि चाक काढा. पाटील म्हणाले, काल ठरलं ते ठरलं. देवाची ठेवायची, माणसाची काढायची. म्हणजे चाकही जाणार आणि पाट्याही जाणार.

"व्वा!" सारजा ओरडली. गावानं तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "तिघं तीन बाजूंनी भांडताय, पण जातंय ते दरवेळी माझ्याच घरातनं! पोथी खरी निघाली तरी मीच उपाशी, खोटी निघाली तरी मीच. तुमच्या कुणाच्या घरातनं काय जातंय, ते तरी सांगा!"

ती पदर खोचून घरी निघून गेली. पाटलांना वाईट वाटलं असेल, पण त्यांनी आधी शब्द दिला होता आणि उन्हं चढत होती. "बुवा, चला," ते म्हणाले.

बुवाच का, तर त्या गावाची रीतच तशी होती. पोथीत जे करायला सांगितलं असेल, त्याची सुरुवात वाचणाऱ्यानं स्वतःच्या हातानं करायची. पहिली पाटी डोक्यावर घेऊन जायचे ते बुवाच. तसंच चाक ज्या खुंटीवर फिरतं तिच्यावरून उचलायचं तेही बुवांनीच. नुसतं वाचून पाटावर बसून राहायची सोय त्या गावात नव्हती.

सगळे सारजाच्या अंगणात पोचले. ती चाकापाशी बसली होती. माती मळून ठेवलेली होती, ती सुकली असती. चाक फिरत होतं आणि तिच्या हातात एक मडकं वर येत होतं. तिनं मान वर केली नाही. "एवढं ओलं मडकं उतरवू द्या, बुवा. मग काढा."

बुवा थांबले. गाव थांबलं. स्वामी काठीवर वाकून उभे राहिले. सारजानं मडक्याचा काठ वळवला, दोऱ्यानं बूड कापलं, दोन्ही हातांनी मडकं अलगद उचलून सावलीत ठेवलं. मग ती बाजूला झाली आणि मातीचे हात तसेच धरून भिंतीशी उभी राहिली.

बुवा पुढं सरकले. तेवढ्यात घरातनं तिची मुलगी बाहेर आली. तिनं बुवांना बघितलं आणि तिचं तोंड फुललं. ती आत पळाली आणि एक पोतं ओढत घेऊन आली. अंगणात ते पसरायला लागली. कोपरे नीट करायला लागली. बुवा आले म्हणजे पाटी आली, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. धान्य मातीत सांडू नये म्हणून आई पोतं अंथरते, हे तिनं बघितलेलं होतं.

"ओता," ती बुवांना म्हणाली.

बुवांनी चाकाच्या कडेला हात लावले होते. चाक दगडाचं, जड, पण उचलता येण्यासारखं होतं. बुवा म्हातारे असले तरी धान्याच्या पाट्या वाहिलेला माणूस होता. त्यांनी जोर लावला. म्हणजे लावायचा प्रयत्न केला. हात उठेनात. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही हात चाकाच्या कडेवर तसेच पडून राहिले.

"काय झालं, बुवा?" पाटलांनी विचारलं.

"हात चालत नाहीत," बुवा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांना हात उचलता येईनात. "पाटील, ही ओवी मी जन्मभर वाचली. वाचता येते मला. करता येत नाही. ओवी चुकली की मी चुकलो, मला माहीत नाही. देव रागावला तर माझ्यावर रागवू दे. पण मला नाही जमत."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "बुवांना होत नसेल तर दुसऱ्या कुणीतरी..." तो पुढं बोलला नाही, कारण मुलगी अजून पोत्याजवळ उभी होती आणि आता त्याच्याकडं बघत होती.

तेव्हा मागून आवाज आला. उदासस्वामी रडत होते. चांगले हमसून हमसून.

"त्या पहाटे माझाही हात थांबला होता," ते म्हणाले. "ओवी कानात आली, मी बोरू उचलला, आणि हात चालेना. ठकूच्या शेजारी तेव्हा एक कुंभारीण राहायची, तिचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मला वाटलं, आवाज देवाचा आहे, हात काय, माझाच. हाताचं काय ऐकायचं? मी दुसऱ्या हातानं हा हात धरला आणि जोर करून लिहिलं. बुवा, इतकी वर्षं मी वणवण फिरतोय ते याच्याचसाठी. देव बोलला तो कानात की हातात, हे मला तेव्हा कळलं नाही."

ठकूआजीनं काठी टेकत जाऊन स्वामींच्या पाठीवर हात ठेवला. पाटलांनी पागोटं काढून काखेत धरलं आणि आपल्या गड्याला हळूच काहीतरी सांगितलं. गडी गेला आणि पाटलांच्या घरातनं ज्वारीची भरलेली पाटी घेऊन आला. सुगी नव्हती, खळं नव्हतं, पोथीत तशी आज्ञाही नव्हती. बुवांनी ती त्याच्या डोक्यावरून आपल्या हातांवर घेतली. या खेपेला हात उठले. त्यांनी ती पोत्यावर रिकामी केली आणि मुलगी सांडलेले दाणे एकेक करून आत लोटत बसली.

चाक राहिलं. पाट्याही राहिल्या. पोथीही राहिली, आणि बुवा ती वाचत राहिले. चाकाची ओवी त्यांनी गाळली नाही. ती आली की म्हणायचे, "इथं लिहिणाऱ्याचा हात थांबला होता, आणि वाचणाऱ्याचाही," आणि मग ओवी वाचायचे. काही म्हातारे त्यांच्यावर रागावले ते रागावलेच. तरुण म्हणत राहिले की एवढं सगळं कळल्यावर पोथी हवी कशाला. सारजा माठ विकत राहिली. काही तडकले, बरेच टिकले. स्वामी ठकूआजीच्या पडवीत राहिले आणि तिनं त्यांना नवं घोंगडं दिलं नाही, जुनीच एक वाकळ दिली.

पोथी देवाची की माणसाची, हे त्या गावाला अजून कळलेलं नाही. मीही किती वेळा विचार केला. डोकं दुखतं, दुसरं काही होत नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ग्रंथातलं वाक्य देवाचं की माणसाचं, हे लिहिणाऱ्यालाही नेहमी सांगता येत नाही, म्हणून ते कुणाच्या घरावर जाऊन पडतं ते आधी बघावं, आणि ते पाळताना आपला हात थांबला तर त्याच्यावर जोर करू नये.